दिग्दर्शकाच्या हातात माइक, छायालेखकाच्या खांद्यावर कॅमेरा: वाइझमन यांच्या माहितीपटांतली नजर कोणाची?

प्रश्नकर्ता: रशेस_आणि_रिळे

नमस्कार. अमेरिकी दिग्दर्शक फ्रेडरिक वाइझमन यांचे माहितीपट सध्या मी कालक्रमाने पाहतो आहे. त्यातून निर्माण झालेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावा असे वाटले.

त्यांची पद्धत अनेकांना ठाऊक असेलच, तरी प्रश्नापुरती सांगतो. एखादी संस्था निवडायची, तेथे चार ते बारा आठवडे राहून चित्रण करायचे, मुलाखत, निवेदन आणि बाहेरून आणलेले पार्श्वसंगीत या तिन्ही गोष्टी वर्ज्य मानायच्या आणि नंतर अनेक महिने संकलनाला बसायचे. चित्रणाच्या जागी तिघेच जण असत: छायालेखक, त्याचा सहायक आणि स्वतः वाइझमन, ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाचे काम असे. म्हणजे ज्यांच्या नावाने हे चित्रपट ओळखले जातात, त्यांचा डोळा चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्याला लागलेलाच नसे.

आता छायालेखकांची नावे पाहू. ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) जॉन मार्शल यांनी चित्रित केला, ‘हायस्कूल’ (१९६८) रिचर्ड लायटरमन यांनी. ‘लॉ अँड ऑर्डर’पासून (१९६९) सत्तरच्या दशकातील ‘हॉस्पिटल’, ‘वेल्फेअर’, ‘मीट’ यांसारख्या चित्रपटांपर्यंत विल्यम ब्रेन होते आणि ‘मनूव्हर’पासून (१९७९) थेट ‘सिटी हॉल’पर्यंत (२०२०) जवळजवळ सर्व माहितीपट जॉन डेव्ही यांचे आहेत. २०२३ च्या ‘मेन्यू-प्लेझिर’चे छायालेखन जेम्स बिशप यांनी केले, जे आधी याच चमूत सहायक होते. दिग्दर्शकाची पद्धत पाच दशके फारशी बदलली नाही, तरीही ‘हायस्कूल’मधील चष्मे, ओठ, बोटे यांच्या अगदी जवळ जाणारा कॅमेरा आणि ‘सिटी हॉल’मधील बैठकांकडे शांतपणे पाहणारा कॅमेरा हे एकाच माणसाचे वाटत नाहीत. मग चित्रपटातली नजर दिग्दर्शकाची म्हणावी की छायालेखकाची?

प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीत कांद्याच्या लिलावावर माहितीपट करण्याचा माझा विचार असून ध्वनिमुद्रण मी स्वतः करणार आहे, तर कॅमेरा माझ्या मैत्रिणीकडे असेल. चित्रण सुरू असताना एकमेकांशी बोलता येणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी दिग्दर्शकाने छायालेखिकेला काय आणि कसे सांगावे?

उत्तर: ध्वनीवाला

मी व्यवसायाने ध्वनिमुद्रक असल्यामुळे आपल्या प्रश्नाकडे कानाच्या बाजूनेच पाहणार, हे आधी मान्य करतो.

वाइझमन यांनी अनेकदा सांगितले आहे की ते माइकच्या दिशेने आणि हाताच्या खुणांनी छायालेखकाला पुढे नेत असत. वाचताना ही गोष्ट एकेरी वाटते, जणू माइक ही दिग्दर्शकाची छडीच. प्रत्यक्षात बूम, म्हणजे माइकची लांब दांडी, धरणाऱ्या माणसाला चौकटीची कड कुठे आहे हे सतत ओळखावे लागते, नाहीतर माइकचे टोक चित्रात येते. त्यासाठी त्याला छायालेखकाचा डावा हात लेन्सच्या कोणत्या कड्यावर आहे, झूम आत चालला आहे की बाहेर, माणूस गुडघ्यात वाकतो आहे की पाऊल मागे घेतो आहे, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचत राहावे लागते. थोडक्यात, माइक कॅमेऱ्याला कोठे वळायचे ते सुचवतो आणि कॅमेरा माइकला किती जवळ यायचे ते ठरवून देतो. हे काम करणारा माणूस स्वतः दिग्दर्शक असेल, तर छायालेखकाच्या प्रत्येक हालचालीची दखल त्याला शरीरानेच घ्यावी लागते. खुर्चीत बसून हुकूम सोडण्याची सोय उरत नाही.

दुसरी गोष्ट फिल्मची. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी मॅगझिनमध्ये (कॅमेऱ्यावर चढवायच्या फिल्मच्या डबीत) सुमारे अकरा मिनिटांचे चित्रण मावे. कॅमेरा केव्हा सुरू करायचा, हा त्यामुळे एकाच वेळी कलेचा आणि पैशाचा निर्णय होता आणि तो चुकला तर नेमक्या क्षणी मॅगझिन संपलेले असे. नवे मॅगझिन चढवले जाईपर्यंत टेप मात्र चालू ठेवता येई. त्या काळातील माहितीपटांत बोलणाऱ्याचा आवाज सुरू राहून चित्र ऐकणाऱ्यावर किंवा खोलीतील एखाद्या वस्तूवर गेलेले दिसते, त्यामागे कधी विचार असतो आणि कधी नुसते संपलेले मॅगझिन. समीक्षकांनी या दुसऱ्या शक्यतेवर फारसे लिहिलेले नाही, असे माझे निरीक्षण आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेव्हा मॉनिटर नव्हता. छायालेखकाने काय टिपले हे रशेस, म्हणजे धुऊन आलेले कच्चे चित्रण, प्रयोगशाळेतून परत येईपर्यंत दिग्दर्शकाला दिसतच नसे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे: केव्हा आणि कोणापाशी उभे राहायचे हे वाइझमन ठरवत आणि तेथे उभे राहिल्यावर काय पाहायचे हे छायालेखकावर सोडत, कारण सोडण्यावाचून गत्यंतरच नव्हते. आपणही बिनतारी मॉनिटर घरी ठेवावा, असा माझा आग्रही सल्ला आहे. हातात पडदा असला की दिग्दर्शक चौकटी दुरुस्त करू लागतो आणि त्याचे कान बंद होतात.

कांद्याच्या लिलावाबाबत मात्र सावध करतो. तेथे व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्या ट्रॅक्टरकडे सरकत असतो, बोली मोठ्याने लागते आणि दोन-चार मिनिटांत एका ट्रॉलीचा निकाल लागतो. माइक साहजिकच बोली पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे जाईल. ज्याचा माल आहे तो शेतकरी त्या वेळी बहुधा गप्पच असतो. माइकने नेलेला कॅमेरा बोलणाऱ्यांचाच चित्रपट बनवतो, ही या पद्धतीतील खरी अडचण आहे. म्हणून आपल्या मैत्रिणीला माइकची साथ सोडण्याची मुभा आधीच देऊन ठेवा.

उत्तर: आयपीस

वरील शेवटचा मुद्दा मला फार पटला आणि तोच पुढे नेतो. मी छायालेखक आहे, त्यामुळे माझाही कल कोणीकडे असेल हे सांगायला नको.

वाइझमन यांच्या चित्रपटांत तास-दीड तास चाललेली बैठक पडद्यावर काही मिनिटांत संपते आणि तरीही ती अखंड घडल्यासारखी भासते. हे संकलनाचे कसब आहेच, परंतु त्यासाठी लागणारा माल छायालेखकाने जागेवर जमवलेला असतो. बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच कापून पंधरा मिनिटांनंतरच्या वाक्याला जोडायचे असेल, तर मध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा हवा. तोही असा की ज्याचे ओठ हलत नाहीत, ज्याची नजर बरोबर बोलणाऱ्याच्या दिशेला आहे आणि ज्याच्या चेहऱ्यावरचा भाव दोन्ही वाक्यांना साजतो. असा चेहरा टिपण्यासाठी छायालेखकाला चालू असलेल्या वाक्यावरून कॅमेरा काढून घ्यावा लागतो आणि महत्त्वाचे काही निसटणार नाही याचा अंदाज घेऊन पुन्हा वेळेवर परतावे लागते. हा अंदाज डोळ्याने येत नाही, ऐकून येतो. वाक्य कोठे वळणार, वक्ता कोठे श्वास घेणार, समोरचा माणूस केव्हा तोंड उघडणार, हे ज्याला कळते तोच मोकळेपणाने नजर फिरवू शकतो. म्हणूनच ध्वनीवाला यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे: कान बंद होण्याची भीती त्यांनी दिग्दर्शकापुरती मांडली, पण माहितीपटात बहिरा छायालेखक त्याहून अधिक घातक ठरतो. आपल्या मैत्रिणीच्या एका कानात माइकचा आवाज जाईल अशी व्यवस्था करा. दुसरा कान मोकळा राहू द्या, कारण पाठीमागून येणारी बैलगाडी किंवा टेम्पो माइकमध्ये ऐकू येईलच असे नाही.

आता छायालेखकांमधील फरकाविषयी. वाइझमन यांनी नवशिक्यांना घेऊन आपल्या साच्यात घातले असे झाले नाही. मार्शल हे स्वतः दिग्दर्शक होते. कलहारीतील सान लोकांवरचा त्यांचा ‘द हंटर्स’ १९५७ मधलाच आहे. वाइझमन मुळात वकील, बोस्टन विद्यापीठात कायदा शिकवणारे आणि विद्यार्थ्यांना ब्रिजवॉटरच्या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या संस्थेत, जेथे पुढे ‘टिटिकट फॉलीज’ चित्रित झाला, नेऊन आणणारे. पहिल्याच चित्रपटाच्या वेळी खोलीत कॅमेरा घेऊन वावरायचे कसे, हे त्या दोघांपैकी कोणाला अधिक ठाऊक होते याचा तर्क आपणच करा. लायटरमन आणि ब्रेन हे दोघेही कॅनडाचे माहितीपटकार ॲलन किंग यांच्या गटातले. भावनिकदृष्ट्या विस्कटलेल्या मुलांच्या निवासी केंद्रावरचा किंग यांचा ‘वॉरनडेल’ (१९६७) ब्रेन यांनीच चित्रित केला होता. रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, मोठ्या माणसांना बिलगणाऱ्या मुलांपासून हातभर अंतरावर राहून कॅमेरा धरलेला माणूस दोन-तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात उभा राहतो, तेव्हा त्याला वेगळे काय शिकवायचे उरते? ‘हॉस्पिटल’मध्ये अमली पदार्थ घेतलेल्या तरुणाच्या उलट्यांचा जो प्रसंग आहे, त्यात कॅमेरा घाबरत नाही, पळत नाही आणि सोकावतही नाही. मला ते ब्रेन यांचे काम वाटते आणि त्यांना तेथे नेऊन उभे करणे हे वाइझमन यांचे.

डेव्ही यांच्या काळात कॅमेरा थंडावला, हे आपले निरीक्षण मला अर्धेच बरोबर वाटते. बोस्टनच्या अतिदक्षता विभागावरील ‘निअर डेथ’ (१९८९) हा ३५८ मिनिटांचा चित्रपट पाहावा. डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक यांच्या कुजबुजीत डेव्ही यांचा कॅमेरा चेहऱ्यांच्या किती जवळ आहे, हे तेथे दिसेल. याउलट पॅरिस ऑपेराच्या नृत्यसंघावरील ‘ला दांस’मध्ये (२००९) नर्तकांची शरीरे बहुतेक वेळ डोक्यापासून पावलांपर्यंत अखंड ठेवलेली आहेत, आणि तीही भिंतभर आरसे असलेल्या तालमीच्या खोल्यांत, जेथे स्वतःचे प्रतिबिंब चुकवणे हेच मोठे काम असते. एकच छायालेखक, एकच दिग्दर्शक, तरी अंतर वेगळे, कारण समोरची माणसे वेगळे काम करीत आहेत.

खुणांबाबत इतकेच सांगतो की त्या कमी असाव्यात. “रुंद घे”, “तिकडे कोणी बोलणार आहे” आणि “माझ्याकडे आवाज नीट आलेला नाही” एवढ्या तीन पुरतात. बाकीचे बोलणे रात्री रशेस बघताना व्हावे. वाइझमन आणि डेव्ही चित्रणाच्या काळात रशेस एकत्र पाहत, ही माझ्या मते त्यांच्या दीर्घ सहवासातील सर्वांत उपयोगी सवय होय. त्या वेळी दिग्दर्शकाने चौकट चांगली की वाईट असा निकाल देत बसू नये, तर संकलनात आपल्याला काय कमी पडेल ते सांगावे.

उत्तर: कात्रीधर

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. परंतु दोघांनीही नजरेचा निवाडा चित्रणाच्या जागीच उरकून टाकला आहे. ‘ॲट बर्कली’साठी (२०१३) सुमारे २५० तासांचे चित्रण झाले आणि चित्रपट २४४ मिनिटांचा आहे. साठ भागांतून एक भाग निवडणारा माणूस, जो संकलनही स्वतःच करतो, त्याला छायालेखकाची प्रत्येक चौकट मान्य करण्याची गरजच पडत नाही. त्याला न पटलेली नजर डब्यात राहते. आपण ज्याला डेव्ही यांची शैली म्हणतो, ती वाइझमन यांनी ठेवून घेतलेली डेव्ही यांची शैली आहे.

याचा उत्तम दाखला ‘टिटिकट फॉलीज’मध्येच मिळतो. अन्न नाकारणाऱ्या एका रुग्णाला नाकातून नळी घालून जबरदस्तीने खाऊ घातले जाते, तेव्हा डॉक्टरांच्या ओठांतल्या सिगारेटची लांबत गेलेली राख नरसाळ्यावर लोंबते. ती राख मार्शल यांना दिसली आणि त्यांनी ती टिपली. पण त्याच प्रसंगात मध्ये मध्ये त्या रुग्णाच्या मृतदेहाची दाढी करण्याची आणि त्याला दफनासाठी तयार करण्याची दृश्ये येतात, ती जोड संकलनातील आहे. राखेने आपण अस्वस्थ होतो, जोडणीने आपल्याला एक मत दिले जाते. पुढे वाइझमन यांनीच त्या जोडणीला अतिरेकी ठरवले होते आणि मला त्यांचे म्हणणे पटते; राख पुरेशी होती.

छायालेखकाच्या बाजूने बोलायचे तर कर्स्टन जॉन्सन यांच्या ‘कॅमेरापर्सन’चा (२०१६) उल्लेख व्हायलाच हवा. सुमारे पंचवीस वर्षे इतर दिग्दर्शकांसाठी केलेल्या चित्रणातून त्यांनी तो स्वतःच्या आठवणी म्हणून बांधला. त्यात एक दृश्य आहे: वादळी आभाळ, वीज चमकते, आणि कॅमेऱ्यामागे जॉन्सन शिंकतात, त्यासरशी चौकट हादरते. कोणत्याही दिग्दर्शकाने ती शिंक कापली असती आणि मीही कापली असती. छायालेखक स्वतः संकलनाच्या टेबलावर बसला की टाकाऊ मालाची व्याख्या कशी पालटते, हे त्या दोन-तीन सेकंदांत कळते.

प्रश्नकर्ता: रशेस_आणि_रिळे

सर्वांचे आभार. मॉनिटर घरी ठेवण्याचे आणि कानात आवाज देण्याचे मी ठरवून टाकले आहे. मात्र एक शंका उरते. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांच्यासारखे दिग्दर्शक बहुतेकदा कॅमेरा स्वतःच चालवतात. मग दुसऱ्याच्या हाती कॅमेरा देण्यात काही तोटा आहे का? माझी मैत्रीण विचारते की चित्रणाची भाषा तिच्या विचाराने बदलणार असेल, तर मी ती बदलू देईन का. यावर मी अजून उत्तर दिलेले नाही.

उत्तर: आयपीस

पटवर्धन यांचा कॅमेरा आणि त्यांचा प्रश्न एकाच माणसाकडून येतात. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) १९९७ च्या रमाबाई नगरातील गोळीबारापासून सुरू होऊन चौदा वर्षे चालला. इतका काळ, कधी मोर्चा, कधी सभा, कधी कोणाच्या घरी अचानक जाणे, हे सर्व छायालेखकाची तारीख पाहून करता येत नाही. समोरचा माणूस कॅमेऱ्यामागच्या आवाजाला ओळखतो आणि त्यालाच उत्तर देतो. तेथे तिसरा माणूस मध्ये आणला असता तर जवळीक गेली असती. पण त्याच पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडण्यावरील ‘हमारा शहर’साठी (१९८५) छायालेखक रंजन पालित यांच्याबरोबर काम केले होते, हेही विसरू नये. पुढे पालित यांनीही आपण केलेल्या चित्रणाकडे मागे वळून पाहणारा चित्रपट केला, तो जॉन्सन यांच्या काही वर्षे आधी. कात्रीधर यांना तो आवडेल.

आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाला शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये (२०२२) उत्तर सापडते. दिल्लीतील वझिराबादेत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांचे चित्रण प्रारंभी हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, प्रसंगाच्या मागे धावत सुरू झाले होते. ती रीत विषयाला मानवत नाही असे सेन यांना जाणवले. मग जर्मन छायालेखक बेन बर्नहार्ड आले, ज्यांनी व्हिक्टर कोसाकोव्स्की यांच्याबरोबर पाण्यावरचा ‘ॲक्वारेला’ चित्रित केला होता. कॅमेरा तिवईवर गेला, हालचाल अतिशय संथ झाली आणि उंदीर, कासव, डबक्यातील प्रतिबिंब यांना माणसांइतकाच वेळ मिळाला. श्रेयनामावलीत बर्नहार्ड यांच्यासह रिजू दास आणि सौम्यानंद साही अशी तीन नावे आहेत, तरी चित्रपट एका श्वासातला वाटतो. भाषा ठरल्यावर माणसे बदलली तरी चालते. ती ठरण्यापूर्वी मात्र दिग्दर्शकाला आधीचे चित्रण बाजूला ठेवण्याची तयारी दाखवावी लागते. आपल्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर चित्रण सुरू होण्याआधी द्यावे, असे मला वाटते. लिलावाचा घोळका सरकता असल्यामुळे तिवई अवघड जाईल, हा तांत्रिक मुद्दा वेगळा.

उत्तर: ध्वनीवाला

तिवईबद्दल सहमत आहे. पण आवाराच्या फाटकापाशी पहाटे ट्रॅक्टरांची रांग लागते, तेथे ती जरूर लावा. तेथे बोली नसते, त्यामुळे माइकला फारसे काम नाही आणि कॅमेऱ्याला भरपूर आहे. पहिले दोन दिवस रांगेचेच चित्रण करा, आणि त्या वेळी कुठे उभे राहायचे हे मैत्रिणीला ठरवू द्या. तिसऱ्या दिवशी लिलावात शिरताना निदान ती कोणत्या चेहऱ्यापाशी थांबते, हे आपल्याला ठाऊक झालेले असेल.

आणखी एक रुक्ष पण आवश्यक सूचना. कच्च्या चित्रणाची प्रत कोणाकडे राहील, छायालेखिकेला आपल्या कामाचे नमुने दाखवता येतील का, आणि पुढे तिला त्यातून स्वतःचे काही करावेसे वाटले तर परवानगी कोणी द्यायची, हे आताच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. कागदावर बाजार समितीच्या परवानगीची तारीखही घाला, कारण हंगामात सचिव बदलले की परवानगी पुन्हा मागावी लागते.